शेपटीला वजन, नाकातोंडात पाणी

अश्वगंधा थकवा घालवते की नाही, हे ठरवण्याचा मान उंदरांना मिळाला आहे. एका गटाला काही दिवस अर्क पाजतात, दुसऱ्याला नुसते पाणी. मग शेपटीला शरीराच्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार बांधून पाणी भरलेल्या उंच काचपात्रात सोडतात. पाय टेकायला जागा नसते. नाक बुडाले आणि उंदीर सुमारे १० सेकंद वर आला नाही, की स्टॉपवॉच बंद, उंदीर बाहेर. वहीत ‘दमला’ अशी नोंद. पुढे रक्तातले लॅक्टेट आणि यकृत-स्नायूंतले ग्लायकोजेन मोजतात. अर्कवाला जास्त वेळ पोहला, तर वनस्पती गुणकारी. तो लठ्ठ म्हणून तरंगला की घाबरून हातपाय मारत राहिला, ही चौकशी घड्याळ करत नाही. गंमत म्हणजे, संशोधक पोरसोल्ट यांनी १९७७ साली मांडलेल्या नैराश्याच्या चाचणीत उंदीर वजनाशिवायच पोहतो आणि थांबला की निराश ठरतो! ट्रेडमिलवर पळवावे, तर मागे विजेची जाळी असते. तिथे हुरूप अर्काचा किती आणि झटक्याचा किती, ते उंदरालाच ठाऊक. लोकलमध्ये उभ्याने दमणाऱ्या माणसाबद्दल यातून फारसे काही सिद्ध होत नाही. ते माणसांवरच तपासावे लागते.