सुट्या

गेमिंग लॅपटॉप घेणारे लोक चार-पाच वर्षांत शहाणे होतात. बॅटरी फुगते, पंखा घरघरू लागतो, बिजागरी निखळते. मग ते नवा घेतात आणि जुना पुतण्याला देऊन टाकतात. पण हजारात एखादा असा निघतो, की 'हे मॉडेल आता बंद झालं' हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागतं. "कंपनीसाठी बंद झालं असेल, माझं चालू आहे," असं तो बजावतो आणि उरलेलं आयुष्य ते सिद्ध करण्यात घालवतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत असा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो. अख्खी सोसायटी त्याला सुट्या म्हणते. सुटे भाग शोधतो म्हणून सुट्या. खरं नाव त्याच्या बायकोला आणि आधार कार्डाला ठाऊक असावं.

सुट्याने आपला लॅपटॉप 2015 साली घेतला, 'विचर थ्री' बाजारात आलं त्याच वर्षी. सतरा इंची पडदा, वजन चार किलोंच्या घरात, वर 230 वॅटचा ॲडॅप्टर. मांडीवर घेतला तर मांडी पोळते, पाठीवर घेतला तर पाठ धरते. पण त्याचा खरा अभिमान आतल्या ग्राफिक्स कार्डावर. ते एमएक्सएम जातीचं आहे; बोर्डाला कायमचं डकवलेलं नाही, स्क्रू काढले की हातात येतं. घरी आलेल्या पाहुण्यांना सुट्या ते काढून दाखवतो. पाहुणे चहा भराभर संपवतात. बदलता येणारं कार्ड ही मोठी सोय खरी, अडचण एवढीच, की बदलायला कार्ड मिळत नाही. मिळालं तर हीटसिंकची भोकं जुळत नाहीत. भोकं जुळली तर बायोस त्याला ओळख देत नाही. सुट्या या तिन्ही अडचणी अशा कौतुकाने सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं कंपनीने त्या खास त्याच्यासाठी घातल्या आहेत.

सध्या तो उजव्या पंख्याच्या शोधात आहे. डावा पंखा प्रोसेसर थंड ठेवतो, उजवा कार्ड. उजवा गेल्यापासून लॅपटॉपचं खालचं झाकण काढून, दोन पाट्यांवर तो टेकवून शेजारी आईचा टेबलफॅन लावलेला असतो. डावा पंखा उलटा करून उजवीकडे बसवता येत नाही, हे मी सुचवल्यावर कळलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

कुणाच्याही घरी गेला की सुट्या आधी लॅपटॉप उलटा करतो आणि खालचं स्टिकर वाचतो. यजमानाची विचारपूस त्यानंतर. त्याच्या मावसबहिणीच्या हळदीला डीजेवाल्याकडे नेमकं तेच मॉडेल निघालं. मंडळी नाचत होती आणि हा टेबलाखाली शिरून पार्ट नंबर टिपून घेत होता. निघताना त्याने डीजेच्या हातात चिठ्ठी दिली आणि अतिशय अदबीने म्हणाला, "कधी चहा-बिहा सांडलाच यावर, तर हा माझा नंबर." डीजेने पुढची दोन गाणी लॅपटॉप पोटाशी धरून वाजवली.

महिन्याच्या एका शनिवारी सुट्याची वारी असते. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेल्या लॅमिंग्टन रोडवर शिरायचं. रस्त्यावरच्या चकचकीत दुकानांकडे तो बघतसुद्धा नाही. तिथे नवा माल असतो. त्याची दुकानं जिन्याखाली आणि पोटमाळ्यावर, जिथे कारीगर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हातात गरम हवेची गन धरून चिपा उचलत असतात. तिथले संवाद ठरलेले.

"ये राइट साइड का फॅन मिलेगा?"

"मंगवाना पड़ेगा."

"कहाँ से?"

"उधर से."

उधर म्हणजे शेन्झेनचा हुआछियांगबेई बाजार, हे सुट्याला ठाऊक असतं. त्याला ठाऊक आहे, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. तरी दोघे 'उधर'च म्हणतात. पुढचा प्रश्न मालाच्या प्रतीचा. प्रती चार: 'ओरिजिनल', 'ओरिजिनल जैसा', 'निकाला हुआ' आणि 'लगाके देखो'. सुट्याच्या नशिबी नेहमी चौथी येते. एकदा पंखा आला, त्याला चारऐवजी तीन वायरी. एकदा वायरी चार आल्या, पण जाडी दोन मिलिमीटर जास्त, झाकण बसेना. हे दोन्ही पंखे त्याने परत केले नाहीत. "कुणाला तरी लागतील," म्हणाला.

पूर्वी तो 'उधर'हून स्वतःच मागवायचा. नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारने चिनी ॲप्सच्या आणखी एका यादीवर बंदी घातली आणि त्यात अलीएक्सप्रेसही गेलं. सुट्या कडवा देशभक्त आहे. त्या संध्याकाळी त्याने निर्णयाचं जाहीर स्वागत केलं आणि रात्री जेवला नाही.

24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा मात्र सुट्याने मजल्यावर पेढे वाटले. वस्तू आपण विकत घेतली, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकारही आपला, हे तो कित्येक वर्षं लिफ्टमध्ये सांगत आला होता. मग त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने मॉडेल विचारलं, बराच वेळ गाणं ऐकवलं आणि अखेर गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आमचं नवीन मॉडेल पाहिलंत का?" सुट्याने उरलेले पेढे स्वतः खाल्ले.

'नवा घे' हे दोन शब्द त्याच्या घरात वर्ज्य आहेत. आई पूर्वी म्हणायची, आता तीही म्हणत नाही. तिचं दुःख वेगळं आहे. बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की जिवंत होतं, अशी या पंथात एक जुनी श्रद्धा आहे. सुट्याने आईच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर कार्ड भाजलं. ते तीन आठवडे चाललंही. नंतर लॅमिंग्टन रोडच्या कारीगराने त्याला समजावलं, की युरोपच्या 2006 च्या नियमापासून सोल्डरमधलं शिसं गेलं. बिनशिशाचं सोल्डर वितळायला 217 अंशांच्या आसपास लागतात, तेव्हा तुम्ही नुसतंच कार्ड शेकलंत. सुट्याला या ज्ञानाने फार आनंद झाला. आईने त्या ओव्हनमध्ये पुन्हा नानकटाई केली नाही.

एवढं करून तो खेळतो काय? काहीच नाही. लॅपटॉप चालू स्थितीत असला की तो गेम सुरू करतो, कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावतो आणि आकड्याकडे बघत बसतो. घोडेस्वार जंगलात उभा असतो, लांडगे त्याला फाडत असतात, आणि सुट्या खूश होऊन हाक मारतो, "अगं, बघ, 78 च्या वर जात नाही!"

सुट्याचा एक समदुःखी नाशिकला आहे. दोघांची ओळख वैरातून झाली: एकच मेलेला लॅपटॉप विकायला निघाला होता आणि दोघे त्याची किंमत चढवत होते. शेवटी दोघांनी मिळून तो घेतला आणि वाटणी केली. सुट्याला पडदा आला, नाशिककरांना उजवा पंखा. त्याच वेळी तोंडी करार झाला, की ज्याचा लॅपटॉप आधी जाईल, त्याचे अवयव दुसऱ्याला. तेव्हापासून दर सणाला फोन होतो. "काय म्हणते तब्येत?" "ठीक आहे. तुमची?" "आमचीही ठणठणीत." ठणठणीत म्हणताना दोघांचाही आवाज किंचित पडतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री नाशिकचा फोन आला. लॅपटॉप गेला होता. बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. करार म्हणजे करार. भल्या माणसाने खोकंही शोधून ठेवलं होतं. सुट्याच्या बायकोने सुटकेचा श्वास घेतला आणि टेबलफॅन आईंच्या खोलीत नेऊन ठेवला.

सुट्याने विचारलं, "ॲडॅप्टर लावल्यावर दिवा लागतो का? किती वेळा लुकलुकतो?"

आणि मग रात्रभर व्हिडिओ कॉल चालला. बॅटरी काढा. ॲडॅप्टर काढा. बटण अर्धा मिनिट दाबून धरा. नाण्याएवढा सेल काढून पुन्हा बसवा. रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावा. नाही, ती नाही, तिच्या पलीकडची. पहाटे साडेचारला नाशिकचा पडदा उजळला. दोन्हीकडून आरोळ्या उठल्या आणि इकडे दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका काठी घेऊन वर आले.

सकाळी बायकोने जेमतेम राग आवरत विचारलं, "अरे, तोच पंखा तर हवा होता ना तुला? हातात आलेला घालवलास?"

सुट्याचं लक्ष नव्हतं. तो वहीत काहीतरी लिहीत होता.

"त्यांचाही उजवा घरघरतोय," तो म्हणाला, "मी फोनवर नीट ऐकलं. आता दोन बघावे लागतील."