चार इंची चिमणी

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी आणि आसपासची जमीन भूकंपाच्या धक्क्यांनी गुरगुरू लागली, तेव्हापासून डहाणू-तलासरीकडच्या माणसाचे कान फार तयार झाले आहेत. आधी जमिनीतून घुमल्यासारखा आवाज, मग मांडणीवरच्या भांड्यांची थरथर, की अख्खं घर अंगणात. कित्येक कुटुंबांनी त्या थंडीतल्या रात्री तंबूत काढल्या. अशा मुलखात ज्याच्या न्हाणीघरातून अपरात्री ‘गुडगुडगुड’ ऐकू येतं, त्या घरमालकाची पंचाईत वेगळीच. पळावं, की कूस बदलावी? प्रस्तुत लेखक एकदा लुंगी सावरत अंगणात धावला. शेजारच्या वाडीतून कोणी बाहेर आलं नाही, कुत्रंही भुंकलं नाही. मागून तेवढा शांत आवाज आला, “अहो, वर पाहुण्यांनी फ्लश केलाय. आत या.”

त्या रात्रीपासून लेखक या विषयातला जाणकार झाला. म्हणजे असं तो स्वतः सांगतो.

वरून पाण्याचा लोंढा खाली येताना पाईपातली हवा पुढे ढकलतो आणि मागे पोकळी सोडतो. ती भरायला कुठून तरी हवा यावी लागते. व्हेंट पाईप मोकळा असेल तर ती छपरावरून येते; नसेल, किंवा तुंबला असेल, तर जवळच्या नाहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वाकड्या नळीतलं, पाणी ओढून येते. गुडगुड होते ती त्या पाण्याची. हे पाणी असतं जेमतेम दोन इंच. पण घर आणि संडासाची टाकी यांच्यामधली हद्द तेवढीच. वाकड्या नळीत पाणी अडवून वास थोपवायची युक्ती 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी पेटंट करून घेतली. कमिंग पेशाने घड्याळजी होते, हे लेखक पाहुण्यांना चहाबरोबर हटकून सांगतो.

शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत तर ही हद्द आपोआप पुसली जाते. महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, ट्रॅपमधलं पाणी आटतं, आणि मे महिन्यात मुंबईकर मालक दार उघडतो तेव्हा टाकी दिवाणखान्यात येऊन बसलेली असते. मालक नाकाला रुमाल लावतो आणि समुद्राकडे बोट दाखवतो: “मच्छीमार वस्ती जवळ आहे ना!” वाळत घातलेल्या बोंबलावर हा आरोप डहाणूत नेहमीचाच आहे आणि लेखकाचं टाळकं सरकतं ते इथेच. बोंबलाचा वास प्रामाणिक असतो, तो स्वतःचं नाव सांगून येतो. साहेब, आधी आपल्या न्हाणीत बादलीभर पाणी ओता, मग कोळ्यांकडे बघा.

खुद्द लेखकाच्या घराला व्हेंट पाईप होता. पण टाकीजवळ, कमरेएवढा, वर उलटा एल्बो. तो बदलायचा ठरल्यावर लेखकाने भारतीय मानक 2470, भाग पहिला, हा दस्तऐवज मिळवला. 1985 चा. त्यात सांगितलंय की पाईपाचा व्यास किमान 50 मिलिमीटर हवा, तोंडाला डास न शिरणारी जाळी हवी. टाकी इमारतीपासून 15 मीटर लांब असेल तर दोनेक मीटर उंची चालते, त्याहून जवळ असेल तर पाईप इमारतीच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर न्यावा. म्हणजे दोन इंची पाईप पुरला असता. लेखकाने चार इंची घेतला. दोन इंची लांबून दिसत नाही.

“शेठ, एवढा वर कशाला? पावसाळ्यात वारा हलवून टाकेल,” प्लंबर म्हणाला. लेखकाने त्याला मानक वाचून दाखवलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन क्लॅम्प जास्त मागवले.

आता लेखक पाहुण्यांना आधी समुद्र दाखवत नाही. आधी पाईप. गच्चीवर नेऊन, त्याच्या शेजारी उभं करून तो दक्षिणेकडे बोट करतो, कारण तिथे डहाणूचा दुसरा प्रसिद्ध व्हेंट पाईप दिसतो: औष्णिक वीज केंद्राची चिमणी. उंची सुमारे 275 मीटर. कुतुबमिनार 73 मीटरचा; तीन मिनार एकावर एक रचले तरी ही पन्नासहून जास्त मीटर वर उरते. तत्त्व तेच, घाण हवा माणसाच्या नाकापासून लांब सोडायची. केंद्र 500 मेगावॅटचं. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. धूर उंच सोडला म्हणजे तो नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी चिकूवाडीवर उतरतोच, हा इथल्या लोकांचा मुद्दा. तो लावून धरल्यावर 2007 मध्ये धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसली. लेखक इथे जरा थांबतो आणि घसा खाकरून सांगतो की आपल्या टाकीतून येतो तोही गंधकाचाच वायू, हायड्रोजन सल्फाइड. एवढं झाल्यावर पाहुणे चिकू मिल्कशेकची चौकशी करतात.

तलासरीच्या पाड्यांवर मात्र लेखकाच्या विद्वत्तेला कोणी विचारत नाही. तिथल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाला व्हेंट पाईप लागतच नाही. खड्ड्याच्या भिंतीत विटांची जाळी ठेवलेली असते, वायू मातीत मुरतो. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातलं खत होऊ द्यायचं. तरी काही गवंडी पाईप उभा करतातच, कारण पाईप नसला तर मालकाला काम अपुरं वाटतं. लेखकाला यावर हसायचा अधिकार नाही, असं घरचं मत आहे.

टाकीतल्या त्या हायड्रोजन सल्फाइडची एक खोड वाईट. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा घाणतो. फार झाला तर आधी नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला की आत उतरलेल्या माणसाला वाटतं, गॅस गेला. मग वरचा त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. मे 2019 मध्ये नालासोपाऱ्यात एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. 9 एप्रिल 2024 रोजी विरारमध्ये सांडपाणी केंद्रात चार. दोन्ही गावं आपल्याच पालघर जिल्ह्यातली. माणसाला असं आत उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केली. तरीही सक्शन गाडी महाग पडते म्हणून “एखादा माणूस बघा ना” असं सहज बोलणारे सुशिक्षित लोक लेखकाने ऐकलेत. व्हेंट पाईप कितीही उंच असो, त्याने टाकी उतरण्याजोगी होत नाही. लेखक पाहुण्यांना हे सांगतो तेव्हा घसा खाकरत नाही.

जाळीचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. व्हेंट पाईपला जाळी बांधा, असं आरोग्य खात्याची माणसं दारोदार सांगून थकली. क्युलेक्स डास, हत्तीरोग पसरवणारा, टाकीतल्या घाण पाण्यात वाढतो आणि उघड्या पाईपातून बाहेर पडतो. लोखंडी जाळी समुद्राच्या हवेत लवकर गंजते, तेव्हा नायलॉनची बरी. प्लंबरने जुना एल्बो काढला तेव्हा आत कुंभारमाशीने मातीची घरं लिंपली होती. बोटाएवढ्या पोकळ नळ्या एकीला एक चिकटलेल्या. जाळी असती तर ती शिरलीच नसती.

नवा पाईप पाहून शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून विचारलं, “अँटेना का?” लेखकाने त्यांनाही मानक ऐकवलं. पंधरवड्यात त्यांच्या छपरावरही पाईप चढला, आपल्याहून हातभर उंच, वर निळी टोपी. लेखकाने लगेच प्लंबरला फोन लावला. पलीकडून तो “बोला शेठ” म्हणेपर्यंत घरातून प्रश्न आला, “घराला पाईप लावताय, की पाईपाला घर?”

“शेठ, बोला ना,” प्लंबर म्हणाला. “अजून एक लेंथ आणू?”

“आण,” लेखक हळूच म्हणाला. “आणि टोपी लाल मिळते का बघ.”