आधी पांढरा हात

सिनेमावाल्यांना धंद्याची एक गोष्ट सुचवतो. अंधेरीत महागडे मेकअपवाले धरण्यापेक्षा त्यांनी सरळ पेण गाठावे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, गणपतीच्या कुठल्याही कारखान्यात शिरा. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती घासून झाली की तिला आधी पांढरा हात मारतात, त्यावर अंगाचा रंग, मग शेला-पीतांबर आणि शेवटी डोळ्यांची आखणी. गिऱ्हाईक मागेल तो गणपती. २०१४ साली ‘जय मल्हार’ मालिका लागली आणि बाप्पा खंडोबाच्या वेषात आले. ‘बाहुबली’ आला तेव्हा तेही झाले. गणपतीची कशालाच हरकत नसते. हरकत माणसांची, तीही दुसऱ्याने रंग फासला तर.

गोऱ्यांनी तो फासला तेव्हा आपण काय तापलो! १९३७च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरणीचे काम जर्मनीत जन्मलेल्या लुइझी रायनरने केले आणि ऑस्करही नेले. ॲना मे वाँग ही अस्सल चिनी वंशाची नटी तेव्हा हॉलिवूडमध्येच होती. १९६८च्या ‘द पार्टी’त पीटर सेलर्स तोंडाला तपकिरी रंग लावून भारतीय माणूस झाला. २०१७ला ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी चित्रकथेच्या नायिकेसाठी स्कार्लेट जोहान्सन सापडली. साडेबारा कोटींच्या जपानात बहुधा त्या दिवशी कोणी मोकळे नसावे.

मग हिंदीवाल्यांवर घसरलो. तानाजी मालुसरे आमच्या पोलादपूरच्या उमरठचे, पडद्यावर अजय देवगण. बाजीराव रणवीर सिंग, ‘छावा’ विकी कौशल. ‘सैराट’चे तर विचारूच नका. अकलूजची रिंकू राजगुरू, करमाळ्याचा आकाश ठोसर, साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली पोरे. २०१८ साली हिंदीत ‘सैराट’ची ‘धडक’ झाली, तेव्हा उसाचा फड जाऊन उदयपूरचे महाल आले, जान्हवी कपूर आली आणि जातीच्या प्रश्नावर असा जाड पांढरा हात बसला की पेणच्या कारागिराने ब्रश खाली ठेवून नमस्कार करावा.

एवढे बोलून आपण चहा मागवतो आणि मराठी मालिका लावतो. तिथे २०२३पर्यंत होती ‘रंग माझा वेगळा’. सावळ्या मुलीला लोक कसे हिणवतात याची ही कहाणी, २०१९ साली सुरू होऊन घराघरात पोचलेली. सावळी दीपा साकारायला रेश्मा शिंदे ही उजळ वर्णाची नटी रोज रंग लावून कॅमेऱ्यापुढे यायची. अभिनयाबद्दल तक्रार नाही, बाई गुणी आहेत. पण काळ्या रंगाला नाकारू नका हे सांगायला निघालेल्या मंडळींनी पहिल्याच दारात काळ्या मुलींना नाकारले. विनोद असा जमून यावा लागतो, ठरवून लिहिता येत नाही.

आता जरा जपून बोलायचे, कारण पुढचे नाव मलाही प्रिय आहे. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींवर गो. नी. दांडेकरांनी कादंबरी लिहिली आणि १९७७ साली जब्बार पटेलांनी तिचा ‘जैत रे जैत’ केला. महामार्गावरून पेणकडे येताना कर्नाळ्याचा सुळका दिसला की अजून ढोल कानात घुमतो. नाग्या झाले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, चिंधी झाली स्मिता पाटील. दोघेही लाजवाब, हा सिनेमा कोणी खोडायला निघाले तर मी आडवा पडेन. फक्त त्यानंतर पन्नास वर्षे होत आली आणि नायक म्हणून पोस्टरवर झळकलेला एकही ठाकर वा कातकरी मला आठवत नाही, एवढेच.

समजा उद्या रोह्याच्या कातकऱ्यांवर सिनेमा निघाला. नायिका ‘अभ्यासा’ला कोलाडच्या रिसॉर्टवर उतरणार, कुंडलिकेत राफ्टिंग करणार, उन्हाने आपोआप जरा रापली तर निर्मात्याचा रंगाचा खर्च वाचणार. नायकाला खास माणूस लावून कातकरी बोली शिकवणार. आगरी माणूस लागेलच, विनोदासाठी. त्याने हळदीत नाचायचे. खरे कातकरी वीटभट्टीवरून टेम्पोत भरून आणणार आणि गर्दीत मागे उभे करणार. त्यातल्या एखाद्याला दिग्दर्शक सांगणार, “दादा, जरा आदिवासी वाटू द्या.”

तर पेणचे दरपत्रक असे ठेवावे. गोरी नायिका सावळी करणे: जुना दर. पंजाबी नायक मावळा करणे: दाढी धरून, मिशी वेगळी. गोरा चिनी करणे: फक्त आखणी जादा. शूटिंग पावसाळ्यात असेल तर पक्का रंग आधी सांगावा, नंतर ओघळल्यास कारखाना जबाबदार नाही. निम्मी रक्कम आगाऊ. गौरी-गणपतीच्या महिन्यात माणसांची कामे घेतली जाणार नाहीत. विसर्जन पार्टीने आपापले करावे.