दातारांचा हिशेब आणि चकलीचा भाव

"काकू, हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन कुणी दातार आहेत म्हणे. तुमच्या माहेरचेच का हो?"

"माझं माहेर दातारांचं म्हणून जगातले सगळे दातार माझे चुलतभाऊ होतात का गं? हे श्रीकांत दातार मुंबईचे, शाळा कॅथीड्रल. त्या शाळेच्या फाटकातून आपल्याला आत कोण सोडणार होतं?"

"हुशार असतील पण."

"हुशार? 1973 साली मुंबई विद्यापीठाची पदवी, गणित आणि अर्थशास्त्र घेऊन. मग सी.ए. मग अहमदाबादचं आयआयएम, तिथे सुवर्णपदक. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून स्टॅनफर्डला जाऊन दोन मास्टर्स आणि 1985मध्ये पीएच.डी."

"अगं बाई! मग कमावायला कधी लागले?"

"आमच्या ह्यांनीही हेच विचारलं. कार्नेगी मेलनला शिकवत होते, 1989मध्ये परत स्टॅनफर्ड, 1996मध्ये हार्वर्ड. डीनच्या खुर्चीत बसले 1 जानेवारी 2021ला. म्हणजे त्याच घरात चोवीस वर्षं काढल्यावर. आमच्या बँकेत चोवीस वर्षांत माणसाच्या सहा बदल्या होऊन व्हीआरएसही पदरात पडते. 1908ची संस्था आणि हे अकरावे डीन. आधीचे नितीन नोहरिया, तेही भारतातलेच. ते 2020च्या जूनमध्येच उतरायचे होते, पण कोविड आला आणि डिसेंबरपर्यंत अडकले."

"पण हिशेब शिकवणाऱ्या माणसाला एवढं काय मोठं म्हणायचं? जमा-खर्च तर आमचा किराणावालाही लिहितो."

"हा बघ, इथेच चुकतेस. तुझा भाचा इंटरला कॉस्टिंग, कॉस्टिंग म्हणून डोकं धरून बसतो ना? हॉर्नग्रेन यांचं 'कॉस्ट अकाउंटिंग' हे त्या विषयातलं जाडजूड पुस्तक, पहिली आवृत्ती 1962ची. हॉर्नग्रेन 2011मध्ये गेले, पण पुस्तक थांबलं नाही, कारण दातार आधीपासूनच सहलेखक होते. आता तुझ्याच दिवाळीच्या ऑर्डरी घे. वीस किलो चिवडा, दहा किलो चकली. गॅस आणि मदतनीस बाईचा पगार मिळून तीन हजार. ते तू कसे लावतेस?"

"किलोवर. तीस किलो, म्हणजे किलोमागे शंभर."

"आणि वेळ किती जातो?"

"चिवड्याला पाच तास. चकली मेली जीव खाते, पंचवीस तास कुठे जात नाहीत."

"म्हणजे तीस तास, तासाला शंभर रुपये. चिवड्याच्या वाट्याला पाचशे, किलोला पंचवीस. चकलीच्या वाट्याला अडीच हजार, किलोला अडीचशे! तू दोन्हींना शंभर लावतेस. चकली घेणाऱ्यांचे पैसे चिवडा घेणारे भरतायत, आणि तुला वाटतं चकली चांगली चालते."

"अय्या! म्हणून ती समोरच्या बिल्डिंगमधली दर वर्षी चकल्याच नेते!"

"ह्याला एबीसी म्हणतात, ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग. खर्च ज्याच्यामुळे होतो त्याच्याच नावावर टाकायचा. युक्ती कॅप्लन आणि कूपर यांची. दातारांची गंमत पुढे आहे. 1994मध्ये त्यांनी महेंद्र गुप्ता यांच्याबरोबर एक निबंध लिहिला: हिशेब अर्धवट बारीक केला तर चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकते. कारण दोन चुका एकमेकींना झाकत असतात. एक दुरुस्त केलीस की दुसरी उघडी पडते."

"हे तर सासू-सुनेच्या भांडणासारखं झालं."

"तुला तेच सुचणार! बरं, आणखी ऐक. हे गुप्ता पुढे सेंट लुइसच्या ऑलिन बिझनेस स्कूलचे डीन झाले, 2005 ते 2016. आणि त्या जाड पुस्तकाचे दुसरे सहलेखक माधव राजन, मद्रास विद्यापीठाचे बी.कॉम., 2017पासून शिकागोच्या बूथ स्कूलचे डीन."

"म्हणजे दातारांबरोबर लिहिलं की डीन होतात? भाच्याला सांगते, एक निबंध पाठव म्हणावं."

"आधी ग्रुप सुटू दे त्याचा. 2010मध्ये दातारांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर एमबीएच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. नुसतं ज्ञान नको, करायला शिकवा, आणि माणूस म्हणून घडवा, असं. मोठ्या संस्थेत बसून आपल्याच धंद्यावर बोट ठेवायला धाक वाटतो गं."

"खुर्ची मिळाल्यावर काही केलं की नुसतंच लिहिलं?"

"2022मध्ये सर्वांत गरजू विद्यार्थ्यांची, साधारण दहा टक्क्यांची, पूर्ण ट्यूशन फी माफ केली. आणि..." (आवाज खाली) "2023मध्ये एका नावाजलेल्या प्राध्यापिकेला बिनपगारी रजेवर पाठवलं. आकड्यांत फेरफार केल्याचा आरोप होता. आणि संशोधन कशावर म्हणशील? प्रामाणिकपणावर!"

"काय सांगता!"

"आरोप तिला मान्य नाहीत. अडीच कोटी डॉलरचा दावा लावला, विद्यापीठावर आणि दातारांवरही. 2025मध्ये विद्यापीठानं तिचं कायमपद काढलं. खरं-खोटं आपण कुंपणावरून काय ठरवणार? पण मला विचारशील तर आकडे तपासणं हा ज्याचा जन्माचा धंदा, त्याच्यापुढे असली फाइल येणं ही देवाची थट्टाच."

"पद्मश्री मिळाली ना त्यांना?"

"2021ला. डीन झाले आणि त्याच महिन्यात यादीत नाव. पण मला विचारशील तर त्यांचं खरं काम ते जाड पुस्तक आणि तो चुकांचा निबंध. खुर्ची मागाहून आली. बरं, तू चकलीचा काय भाव लावतेस यंदा?"

"दीडशे वाढवूनच टाकते की. गिऱ्हाईक पळालं तर तुमच्या दातारांना फोन करीन."

"माझे नव्हेत ते, सांगितलं ना! आणि आत्ताच वाढवू नकोस. एक घाणा घड्याळ लावून काढ. पंचवीस तास तू अंदाजानं बोललीस, आणि अंदाजावर बारीक हिशेब केलास तर किलोवरचाच बरा होता."