तोतया कॅप्टन

जपानमधल्या एका बाईला २०१६ साली पत्रमैत्रीच्या संकेतस्थळावर 'टेरी गार्सिया' भेटला. अमेरिकी लष्करात कॅप्टन, नेमणूक सीरियात. बाईंचं इंग्रजी बेताचं, म्हणून त्या गुगलवर भाषांतर करून उत्तरं लिहायच्या. पत्रं रोज यायची. मग कॅप्टनला हिऱ्यांची थैली सापडली, मग तो जखमी झाला, मग थैली सीरियाबाहेर काढायला पैसे लागले. दहा महिन्यांत बाईंनी ३५ ते ४० वेळा पैसे भरले; बहिणीकडून, मित्रमंडळींकडून, घटस्फोट झालेल्या नवऱ्याकडूनही उसने घेऊन. दोन लाख डॉलर गेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी लॉस एंजेलिसमध्ये ८० जणांवरचं आरोपपत्र उघड केलं; त्या प्रकरणाच्या कागदपत्रांत ही हकिगत आहे. आरोपी बहुतेक नायजेरियन. कॅप्टन कुणीच नव्हता.

हे वाचून "अक्कल काय गहाण ठेवली होती?" असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो.

तोतये आपल्याला नवे नाहीत. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांचा तोतया उभा राहिला. हजारो माणसं त्याच्यामागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ साली त्याला देहदंड झाला तेव्हा ते बंड मिटलं. त्या हजारोंना आपण मूर्ख म्हणत नाही. भाऊ परत यावेत, असं त्यांना फार वाटत होतं. एकट्या बाईलाही कुणीतरी यावं असं वाटतं.

आणि लष्कराचाच गणवेश का, तेही बघा. भेटायला का येत नाहीस? ड्यूटीवर आहे. व्हिडिओ कॉल का नाही? परवानगी नाही. कुठे आहेस? सांगता येत नाही. आठ दिवस गप्प का होतास? इथे गोळीबार चालू होता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत घरोघरी फौजी आहेत; तिथल्या कुठल्याही आईला, बायकोला विचारा, ही उत्तरं त्यांनी खऱ्या माणसाकडून ऐकलेली असतात. खऱ्या सैनिकांच्या घरांनी सोसलेला दुरावाच हे चोर भांडवल म्हणून वापरतात. मला यातली ही गोष्ट सर्वांत नीच वाटते.

गणवेशातला खरा माणूसही यात लुटला जातो. अमेरिकेचे निवृत्त कर्नल ब्रायन डेनी यांचे फोटो उचलून हजारो खोटी खाती उघडली गेली. ती शोधायची, कळवायची, बंद करा म्हणून मागे लागायचं, हे काम ज्याचा चेहरा चोरीला गेला त्याच्याच गळ्यात पडलं. आपली आवडनिवड ओळखून जाहिरात दाखवणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांना एकच फोटो शंभर नावांनी फिरतोय हे दिसत नाही, यावर माझा विश्वास नाही.

अमेरिकी लष्कर वर्षानुवर्षं सांगतंय: सैनिकाला रजेसाठी पैसे भरावे लागत नाहीत, उपचारांसाठी नाहीत, घरी परतण्यासाठी नाहीत. तरी एकट्या २०२२ मध्ये अमेरिकेत प्रेमाच्या फसवणुकीच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या आणि १३० कोटी डॉलर बुडाले. हे तक्रार करणाऱ्यांचे आकडे. लाजेने गप्प बसलेल्यांची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे हीच चोरी दुसऱ्या वेशात येते. परदेशातला 'मित्र' भेटवस्तू पाठवतो, मग दिल्ली विमानतळावरून 'कस्टम अधिकारी' फोन करून पैसे मागतो. सीमाशुल्क खातं फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. जुनी स्कूटर विकणारा 'बदली झालेला जवान' लष्करी कॅन्टीनच्या कार्डाचा फोटो पाठवतो आणि आगाऊ रक्कम मागतो. ते कार्ड चोरलेलं किंवा बनावट असतं.

तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीत कुणी असं फसलं असेल, तर "या वयात कसली थेरं" हे वाक्य कृपा करून गिळा. त्या हसण्याच्या भीतीनेच माणूस दुसरा, तिसरा, चाळिसावा हप्ता मुकाट्याने भरतो. शेजारी बसा आणि त्यांच्यासोबत १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढच्या खात्यात पळण्याआधी गोठवता येते.