शटडाऊनकाका

लोधिवलीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की माणूस आधी शटडाऊनकाकांचं दार वाजवतो. नाव गावानेच ठेवलं, आणि काकांना ते मनापासून आवडतं.

त्यांची नोकरी पाताळगंगेच्या कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. तिथे परमिटवर सही झाल्याशिवाय साध्या व्हॉल्व्हलाही हात लावायचा नाही. निवृत्त झाले, प्लांट सुटला. परमिट काही सुटलं नाही.

मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे अपडेट सोडते. तिकडे सकाळ, तेव्हा आपल्याकडे रात्र. म्हणून काकांचा कारखान्याच्या थाटातला शटडाऊन बुधवारी. वहीत तारीख, डिस्कवरची मोकळी जागा, बॅकअप घेतल्याची खूण, हजर कामगार: एक. बॅकअपची हार्डडिस्क लगेच वायर काढून माळ्यावरच्या पितळी डब्यात जाते.

"जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे रे! 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस आला, त्याने कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कलासुद्धा कुलूप ठोकलं. आणि त्याचं औषध मार्चमध्येच निघालं होतं. घ्यायला कुणाला वेळ होता?"

माळाच का, तर 1989 च्या जुलैत नदी कारखान्यात शिरली, तेव्हापासून काका मोलाची वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. घर टेकाडावर आहे, हे सांगून उपयोग नाही.

मग कीबोर्डवर लाल पाटी पडते: 'काम चालू आहे. हात लावू नये.' लॅपटॉप चार्जरला, पण मदार बॅटरीवर. लाइटचा भरवसा काका धरत नाहीत. इर्शाळगडाच्या अंगाने ढग चढले तर काम पुढे ढकललं जातं. पडद्यावरचा आकडा 32 टक्क्यांवर अडून बसला की बाकीचं जग बटण दाबून मोकळं होतं. आमच्या झेरॉक्सवाल्याने तसंच केलं आणि त्याचं मशीन पुन्हा उठलंच नाही. काका अशा वेळी फक्त चहा मागवतात.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार संपला, तेव्हा गावात धावपळ उडाली. काकांनी आपल्या लॅपटॉपमध्ये विंडोज 11 ला लागणारं टीपीएम 2.0 आहे की नाही ते केव्हाच तपासून ते घेतलंही होतं. नवीन पटलं नाही तर दहा दिवसांत जुन्यावर परतता येतं, हे कळल्यावर त्यांनी ते दहा दिवस कडक पाळले. त्यात एकही नवा प्रोग्रॅम टाकला नाही. अकराव्या दिवशी घरात शिरा झाला.

या सगळ्याचा काकूंना जाच होत असेल, असं मला वाटायचं. एका बुधवारी विचारलंच. मिक्सरला बंदी, इस्त्रीला बंदी, शिवाय परमिटच्या वहीत साक्षीदार म्हणून सही.

"करते की सही," काकू म्हणाल्या. "तेवढे दोन तास हे स्वयंपाकघरात येऊन गॅसचा प्रेशर तपासत नाहीत. तुझ्या त्या मायक्रोसॉफ्टला सांग, दर मंगळवारी अपडेट काढा म्हणावं."