शंभरीचा व्हिसा

विचुंब्यातले निवृत्त काका-काकू मेलबर्नला लेकाकडे जातात, नातवंडात रमतात आणि म्हणतात, आता इथेच राहू या. ऑस्ट्रेलियात वृद्ध पालकांसाठी व्हिसा आहेच: वय ६७, निदान निम्मी मुलं तिथं स्थायिक, आणि अर्ज तिथं राहूनच करायचा. प्रतीक्षा तेवढी ३० वर्षांच्या घरात, असं तिथलं सरकारच सांगतं. म्हणजे मंजुरी सत्त्याण्णवाव्या वर्षी. त्याआधी प्रकृती ठणठणीत असल्याची वैद्यकीय तपासणी! (तोवर तात्पुरत्या व्हिसावर नातवाची मुलंही सांभाळून होतील.) इकडे सरकारी पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. काका वर्षभर जगले यावर आपल्या सरकारचा विश्वास नाही. परक्या सरकारला मात्र त्यांच्या शंभरीची पक्की खात्री आहे.